दूरचे हात

चिपळूणच्या घरात सुलक्षणा टेबलाशी बसून काम करत होती. तिने चढवलेले हातमोजे हलले की पुण्याच्या प्रयोगशाळेतले यांत्रिक हात तसेच हलत. विषारी रसायनांजवळ माणूस नको, म्हणून आता सगळे संशोधक घरूनच प्रयोग करत. आज मात्र नियम मोडून मुजावर मेकॅनिक पंखा बघायला प्रयोगशाळेत शिरला होता. तो सुलक्षणाला समोरच्या पडद्यावर दिसला तेव्हा यांत्रिक हातांत विषारी रसायनाची उघडी बाटली होती.

तेवढ्यात न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला.

"सुलक्षणा!" सासरे कळवळून ओरडले.

आत्ता मोजे काढले तर तिकडे बाटली सुटणार होती.

"हलू नका!" ती ओरडली. पडद्यावरचा मुजावरही जागीच थिजला.

"अण्णा, आलेच मी. डोक्याला लागलं का?"

"नाही गं. पाय उचलत नाहीये."

हात थरथरू नयेत म्हणून ती अण्णांशी बोलत राहिली. बोलता बोलताच तिने बाटलीला बूच बसवलं, ती कपाटात ठेवली आणि दार लावलं. मग मोजे ओरबाडून काढत ती धावली.

अण्णा ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. खुब्याचं हाड मोडल्याचं नंतर दवाखान्यात कळलं.

"अण्णा, लगेच येता आलं नाही हो. तिकडे विषाच्या उघड्या बाटलीजवळ एक माणूस मध्येच आला होता."

"वाचला का तो?"

"हो."

"मग रडतेस कशाला? आधी टॉवेल दे, गारठलोय मी."