समोरच्याचं वाक्य

“मोठ्यानं म्हणा की आप्पा. असं पुटपुटलासा तर फोनला ऐकू जात न्हाय,” ट्रॅक्टरवरून सौम्या म्हणाली.

मारुतीरावांनी भरलं दुधाचं भांडं धरावं तसा फोन दोन्ही हातांनी धरला होता. ट्रॅक्टर पोरीच्या हातात आणि फोन बापाच्या, असं उलटं चित्र संकेश्वरच्या त्या शिवारानं याआधी पाहिलं नव्हतं.

सिनेमातलं काम होतं. काम कसलं, चिमूटभर. एक बाई आपला ऊस स्वतः ट्रॅक्टरनं साखर कारखान्यावर आणते, वजनकाट्यावरचा माणूस तिला हटकतो, ती दोन वाक्यं बोलते. पण जाहिरातीत लिहिलं होतं, कलाकार संघटनेचं कार्ड नसलं तरी चालेल, ट्रॅक्टर मात्र स्वतः चालवता आला पाहिजे. कार्ड नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून कार्ड नाही, या चरकात सौम्या आजवर पिळून निघाली होती. आठवडाभर बेळगावजवळ मच्छेच्या कंपनीत नोकरी. आज रविवार, आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता, कुठंही न तोडता, फाटकातून येण्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एका दमात. समोरच्या माणसाची वाक्यं फोनमागून कुणीतरी म्हणायची. भाऊ चिकोडीला सासरवाडीला गेलेला. उरला बाप.

पोरगी शेजारच्या भावकूअण्णाच्या शेतात चोरून ट्रॅक्टर शिकली, हे मारुतीरावांना आज सकाळीच कळलं होतं. ती ट्रॅक्टर कुठं घासते की काय हे बघायला म्हणून ते बाहेर आले आणि फोन हातात पडला. एरवी घरात नन्नाचा पाढा म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण कागदावर लिहिलेला नकार काही त्यांच्या तोंडातून निघेना.

“बाईमाणसाशी काय बोलायचं. घरातल्या गड्याला पाठव,” त्यांनी शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं.

सौम्यानं ट्रॅक्टर बंद केला. “आप्पा, मी ट्रॅक्टर शिकते म्हटल्यावर तुम्ही मला कसं म्हटलासा? तसं म्हणा.”

“त्यांला शिकवाय नको गं,” पायरीवर शेंगा फोडत बसलेल्या सौम्याच्या आई, मालुबाई म्हणाल्या. “जल्माची तालीम हाय त्यांची.”

मारुतीरावांना ते झोंबलं. “नाटकं तुमच्या माहेरात. आमच्या आडात न्हाय, तर पोहऱ्यात कुठनं येणार?” म्हणत ते तरातरा फाटकासमोर जाऊन उभे राहिले. उन्हं कलायला लागली होती.

ट्रॅक्टर पुन्हा फाटकातून आत आला. मागची ट्रॉली खांबाला न घासता वळली, आणि नेमक्या जागी येऊन थांबली. मारुतीरावांनी तोंड उघडलं.

“बाईमाणसाशी काय बोलायचं? घरातल्या गड्याला पाठव, जा.”

मालुबाईंचे हात शेंगांवर थांबले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

सौम्या डगमगली नाही. तिनं फोनच्या वर, सरळ बापाच्या डोळ्यांत पाहिलं. “घरातला गडी म्हणजे मीच. ऊस माझा हाय. काटा माझ्यासमोर करा.”

आता काट्यावरच्या माणसानं पुन्हा नाही म्हणायचं होतं. मग तिचं शेवटचं वाक्य. पण मारुतीराव एकाएकी म्हणाले, “बरं, या. तुमच्यासमोरच करतो काटा.”

“आप्पा!” सौम्याला हसावं की रडावं कळेना. “असं न्हाय लिवलेलं.”

“मला म्हाईत हाय. पन एवढं चांगलं बोलल्यावर कुनी न्हाय म्हनंल व्हय? त्यो लिवणारा येडा हाय.”

“येडा असू दे. तुम्ही न्हाय म्हणायचं.” ती ट्रॅक्टरवरून उतरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्ही न्हाय म्हटल्याशिवाय माझं वाक्यच येत न्हाय, आप्पा.”

मारुतीरावांनी मान खाली घातली. त्यांच्या अंगठ्यानं फोनची कड उगाच चोळली.

“म्हनतो,” ते म्हणाले. “पन ही शेवटची बारी. परत मी न्हाय म्हननार न्हाय.”

पायरीवरून मालुबाईंचा आवाज आला. “सौम्या, एवढं रेकॉर्ड झालं असंल, तर पुसू नको गं.”

सौम्यानं बापाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. पडद्यावरचं लाल टिपकं चालूच होतं. ते बंद कसं करायचं, हे मारुतीरावांना ठाऊकच नव्हतं.

ती पुन्हा ट्रॅक्टरवर चढली, मान वळवून मागं बघितलं आणि ट्रॉली सरळ रेषेत फाटकाबाहेर नेली.