फुगा आलेला टायर

अप्पांच्या पोटातल्या मोठ्या धमनीला फुगा आलाय, हे कळल्यापासून घरात एकच वाद होता: ऑपरेशनला जायचं कुठे? थोरला म्हणे, मोठ्या शहरात, नावाजलेल्या सर्जनकडे. रस्ता नऊ तासांचा. लेक म्हणे, तासाभरावरच्या हॉस्पिटलातही हे ऑपरेशन होतं की!

अप्पांनी जन्मभर पंक्चरं काढली होती. ते हळूच म्हणाले, "फुगा आलेल्या टायरवर मी कुणाला लांब जाऊ दिलं नाही रे."

"तुम्ही काय टायर आहात का, अप्पा?" थोरला हसला. "तुमच्यासाठी सगळ्यात चांगलाच डॉक्टर बघणार मी."

पोराची माया बघून अप्पा तयार झाले. निघताना त्यांनी गाडीच्या चारही टायरांवरून तळवा फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "चल बिनघोर," म्हणाले.

टायर खरंच चांगले होते. जाताना सहा तास, आणि तिथूनच मागे फिरल्यावर पुन्हा सहा तास, एकानंही दगा दिला नाही. मागच्या सीटवर अप्पांचं गार पडलेलं डोकं मांडीवर घेऊन आई तेवढी म्हणत होती, "हळू चालव रे, त्यांना हिसका बसेल."