धागा तुटला, तर

योगराजपुढे दोन छोट्या विमान कंपन्यांची नेमणूकपत्रं होती. एका कंपनीची विमानं कोरी, दुसरीची वीस वर्षं उडालेली. पायलटची पहिलीच नोकरी. होकार आजच कळवायचा होता. "आप्पा, तुम्ही कारखाना कसा निवडायचात?" वडिलांची हयात सुरतच्या पॉवरलूमवर गेली होती. "शेठला नाही, कारागिराला विचारायचो: धागा तुटला, तर मशीन बंद करू देतात का?" योगराजने एसटीडी बूथवरून दोन्हीकडच्या ओळखीच्या पायलटांना विचारलं, "हवा बिघडली म्हणून विमान माघारी वळवलं, तर?" नव्या विमानांवरचा म्हणाला, "लेखी खुलासा द्यायचा. दुसऱ्यांदा वळवलं, तर घरी बसायचं." जुन्यांवरचा हसला. "प्रवासी शिव्या घालतात, मॅनेजर चहा पाजतो." योगराजने जुन्या विमानांना होकार दिला. आई वैतागली, "नवं सोडीसन जुनं?" आप्पांनी तीन बोटांचा पंजा पुढे केला. "बोटं गेली, ते मशीनबी नवंच होतं."