शाईचं बोट

बहात्तरच्या दुष्काळात जतकडे विधानसभेचं मतदान होतं. सांगलीत बी.ए. झालेली विजयमाला एका कडेवर दात येणारी लेक आणि दुसऱ्या कडेवर रिकामी घागर घेऊन केंद्रावर पोचली. दारात तिचा चुलतदीर सयाजी, उमेदवाराचा माणूस, हसला. “वैनी, उन्हातनं कशाला आलासा? तुमचं मत सकाळीच टाकलंय आमी.” ती बाहेर उभ्या उमेदवाराच्या पाण्याच्या टँकरपाशी गेली. घरी पाणी नव्हतं, लेकीला ताप होता. पाठोपाठ सयाजी आला. “बोट दावा. शाई असंल तरच पानी.” “भाऊजी, माझं मत तुम्हीच टाकलंत ना?” “व्हय. पर नियम म्हंजे नियम.” त्यानं खिशातनं शाईची बाटली काढली. तिनं बोट पुढं केलं. घागर भरली. लेक घटाघटा प्याली आणि सवयीनं तेच बोट चावायला ओढू लागली. विजयमालेनं शिसारीनं मूठ आवळली. पोरगी रडली, तरी मूठ उघडली नाही.