मोकळी

बाई फळ्याकडे वळल्या आणि वर्गात कोणीतरी शीळ घातली. शीळ कसली, नुसती फुंकरच ती. आवाज काही फुटला नाही. बाईंनी सवयीने शेवटच्या बाकाकडे डोळे वटारले. पण शेवटचा बाक आज खरोखरच निरपराध होता आणि सगळा वर्ग पहिल्या बाकाकडे बोट दाखवत होता. तिथे हूंचूं बसली होती.

ही मुलगी वर्गात कधी हूं की चूं करत नसे, म्हणून पोरांनी तिचं नावच तसं पाडलं होतं. आता ती ओठांचा चंबू तसाच ठेवून बाईंकडे बघत होती.

"तू?" बाई म्हणाल्या.

"हो बाई, मीच."

बाईंना हसू आलं. सदा शहाण्यासारख्या वागणाऱ्या पोरीच्या अंगात एखाद्या दिवशी येतंच. "पुरे हं," म्हणून त्या पुन्हा अपूर्णांकांकडे वळल्या.

थोड्या वेळाने हूंचूंने शेजारणीची वेणी ओढली, तीही इतकी हळू की शेजारणीला कळायलाच वेळ लागला. मग टेबलावरचा खडू पळवला आणि पळवताना बाई बघताहेत ना, याची खात्री करून घेतली. बाईंनी उभं राहायला सांगितलं, ती उभी राहिली. बस म्हणाल्या, बसली. चेहरा मात्र असा, की जणू रांगेत तिचा नंबर लागायला आणि तिकिटांची खिडकी बंद व्हायला एकच गाठ पडली.

शाळा सुटली. वर्ग भुर्रकन रिकामा झाला. ही मात्र दप्तर पाठीला लावून टेबलापाशी येऊन उभी.

"बाई, माझी शिक्षा राहिली."

"अगं, माफ केलं मी. जा, पळ घरी."

"माफ नका ना करू, बाई. मागच्या बाकावरच्यांना देता तशी द्या. घरून शंभर वेळा लिहून आण, तशी."

बाईंनी पर्स बंद करता करता तिच्याकडे पाहिलं. सोमवारपासून शाळेने गृहपाठ बंद केला होता. मुलांना घरी तरी मोकळं सोडू या, असं मोठ्या बाई सभेत म्हणाल्या तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या होत्या त्या याच बाईंनी. खोटं कशाला बोला, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे घरी वाहून त्यांचा खांदा कामातून गेला होता. आता संध्याकाळी त्या निवांत चहा पीत होत्या.

"लिहायचंच आहे ना? मग घरी बसून लिही की हवं ते. कोणी अडवलंय?"

"तसं नाही चालत. आई विचारते, बाईंनी दिलंय का? दिलं नसेल, तर मी मोकळी."

"मग बरंच आहे की."

"मोकळी असले की चपलांची खोकी चिकटवायची. मग धाकट्याला घ्यायचं, आजीला भरवायचं, आणि परत खोकी."

बाईंचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. वाळलेल्या खळीचे पापुद्रे नखांपर्यंत चिकटलेले. हात धुऊन येत जा, म्हणून आठवडाभर त्याच तिला रागावत होत्या.

"आणि तुझा दादा? तो वरच्या वर्गात आहे ना?"

"तोपण मोकळाच आहे. म्हणून तो खेळायला जातो."

हे तिने पाढा म्हणावा तसं सांगितलं. त्यात तिला काही वावगं दिसत नव्हतं.

"गृहपाठ दिलाय असं सांगायचं ना आईला."

"सांगितलं होतं. दादाने बिंग फोडलं." ती घाईघाईने पुढे म्हणाली, "आई वाईट नाहीये हं. गृहपाठ असला ना, की ती सगळ्यांना दटावते, तिला हाक मारू नका, तिचा अभ्यास चाललाय. तेवढा वेळ मला कोणी हाकच मारत नाही, बाई."

"मी येऊन बोलू तिच्याशी?"

"नको नको! घरातलं बाहेर सांगत फिरते म्हणेल. मग शाळाच नको म्हणेल."

 बाईंना स्वतःच्या टाळ्या आठवल्या आणि लाज वाटली. दाराशेजारी मोठ्या बाईंची सूचना डकवलेली होती. कोणत्याही विषयाचा गृहपाठ देऊ नये, खाली दोन रेघा. शिक्षेबद्दल मात्र त्यात चकार शब्द नव्हता.

"शिक्षा झाली तर आई ओरडेल," बाई म्हणाल्या.

"ओरडेल. पण बसू देईल."

बाईंनी हात पुढे केला. तिने पटकन वही उघडून दिली.

"जरा रागावून लिहा हं, बाई. आई वाचते."

बाईंनी रागावून लिहिलं. इतकं, की कागद फाटायचाच बाकी राहिला. 'मी वर्गात शीळ घालणार नाही', शंभर वेळा. खाली सही. तिने ते तोंडातल्या तोंडात वाचलं, आणि जरा चाचरतच म्हणाली, "दोनशे कराल?"

बाईंनी एकाचे दोन केले.

वही छातीशी धरून ती जवळजवळ उड्या मारतच दारापर्यंत गेली. तिथे थबकली. मागे वळली तेव्हा चेहरा पुन्हा उतरलेला होता.

"बाई, आणि उद्या काय चूक करू?"