सावडीचा हात

रक्षा बांधावर उभी होती. चिखलात उतरायच्या वेळेला अंगावर धुतलेली साडी, पायात चप्पल, खांद्याला पिशवी. तालुक्याला जाणारी कुंभारवाड्याची बस अजून यायची होती.

खाली विमलच्या शेतात भात लावायला वाकलेल्या बायकांनी तिला एकदा बघितलं आणि माना खाली घातल्या. परवा ह्याच बायका रक्षाच्या घरच्या शेतात वाकल्या होत्या. आज विमलचं शेत, उद्या पुन्हा रक्षाच्या घरचं, ओहोळाकडचं. सावड म्हणजे हाताला हात. ज्या घरचा हात आला नाही त्या घरच्या शेतात कोणी पाय ठेवत नाही, आणि उपटून ठेवलेली रोपं वाट बघत बसत नाहीत.

रक्षाची परीक्षा आजच होती. बीएच्या शेवटच्या वर्षाची. शाळेत पोरांचा भात शिजवायचा, घरी येऊन घरच्यांचा शिजवायचा, आणि रविवारी तालुक्याला जाऊन कॉलेजात बसायचं, असं तिचं चाललं होतं. लेक दहावीला, आई बीएला. चिखलातल्या बायकांपैकी फुलाने विचारून घेतलं, की लेकीच्या लग्नात आईला पुस्तकं द्यायची का भांडी. बायका हसल्या. विमल हसली नाही; शेत तिचं होतं. हात दे, मग कुठं जायचं तिकडं जा, ती म्हणाली, न्हाईतर उद्या आमची वाट बघू नको.

रक्षाने पिशवी खाली ठेवली. चप्पल काढली.

तेवढ्यात बांधावरून तिची सासू रुक्मा आली. गुडघ्यांनी जवाब दिल्यापासून तिने चिखल सोडला होता, बोलणं सोडलं नव्हतं. मागे तिचा मुलगा, रक्षाचा नवरा दत्तप्रसाद, केसाला तेल, हातात मोबाईल.

रुक्माला कॉलेजचं कौतुक नव्हतं. केस पिकायच्या वयात मास्तरापुढे पाठ म्हणायची हौस रिकाम्या माणसाची. रक्षा रिकामी नव्हती, म्हणजे येडीच. हे तिने गावभर सांगून झालं होतं. पण सुनेला नावं ठेवायचा मान तिचा होता. फुलाचा नव्हता.

"चप्पल घाल," ती सुनेला म्हणाली.

"आत्ती, पण हात?"

"हात आणलाय मी."

सगळ्यांनी दत्तप्रसादकडे बघितलं. त्यानेही मागे वळून बघितलं, कोणी दुसरं आलंय का ते. नांगर पुरुषाचा, रोप बाईचं. त्या शिवारात लावणीला पुरुष कधी वाकला नव्हता. लोक काय म्हणतील, तो पुटपुटला. रुक्मा म्हणाली, दहावीला नापास होऊन बसलास तो अजून उठला न्हाईस, लोकांचं म्हणून झालंय. मोबाईल तिने त्याच्या हातातून काढून स्वतःच्या कंबरेला खोचला.

फुला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "रुक्माक्का, असला हात सावडीत चालतोय व्हय?"

"हात मोजायचं ठरलंय, तर मोज," रुक्मा म्हणाली. "बांगड्या मोजायच्या असतील तर तसं सांग."

विमलने रोपांची एक मूठ दत्तप्रसादच्या पायाशी फेकली.

वळणावर हॉर्न वाजला. रक्षा पळाली. रुक्माने तिकडे बघितलंही नाही.

मागे पडेल त्याच्याभोवती रोपं लावून त्याला मधेच कोंडायचं, ही लावणीची रीतच. परवा रक्षालाच कोंडलं होतं. डोक्यात धडे, हात मंद. चहूबाजूंनी रोपं लागली, तरी ती पायाखालची जागा लावत लावत शेवटी एका उडीत बांधावर आली होती. आज बायकांनी दत्तप्रसादला धरला. न्याहारी यायच्या आत त्याच्याभोवती हिरवं झालं, आणि तो मधल्या चिखलाच्या तुकड्यावर रोपांची मूठ पोटाशी धरून उभा राहिला.

"आये, बाहेर कसं येऊ?"

रुक्मा बांधावर पाय पसरून पानाला चुना लावत होती.

"विमलचं भात तुडवू नको," ती म्हणाली. "सांजच्या बसनं रक्षा येईल. तिला इचार."