ताराची पुढची गोष्ट

केतकीने आईच्या तरुणपणीचा सिनेमा लावला. "कोणत्या पात्राबरोबर बघायचा?" टीव्हीने नेहमीसारखं विचारलं, तेव्हा तिने नायकाऐवजी त्याच्या बहिणीचं, ताराचं नाव घेतलं. आता सिनेमा ताराच्या मागोमाग चालणार होता. ताराचं काम शेजारी बसलेल्या इंदुमतीबाईंनी, म्हणजे केतकीच्या आईनेच केलं होतं.

तारा भावाला जेवायला वाढते, मंडईत जाते आणि तिथे गुंडांच्या हातून मरते. मूळ सिनेमात इथून भावाचा सूड सुरू व्हायचा. आज मात्र पडदा काळा झाला. टीव्ही म्हणाला, "या पात्राची गोष्ट इथे संपते. पुढे न्यायची असल्यास सांगा."

केतकी ओशाळली. "बंद करू का गं, आई?"

"थांब." इंदुमतीबाई टीव्हीकडे वळल्या. "तिला मारू नका. मंडईतून घरी येऊ दे तिला. तिला शिक्षिका व्हायचंय. मी तसंच मनात धरून काम केलं होतं, पण तेव्हा मला कुणी विचारलंच नाही."

पडद्यावर उजेड आला. विशीतली तारा भाजीची पिशवी घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर बसून कॉलेजला निघाली. इंदुमतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पण भावाचं काय?" केतकीने विचारलं. "त्याचा तर अख्खा सिनेमाच गेला."

"त्याला काय धाड भरलीय? येईल की भाऊबीजेला."